तिसरी काच

निवडणुका आल्या की ‘ध्रुवीकरण’ हा शब्द वर्तमानपत्रांत पानोपानी दिसतो. समाज दोन टोकांना गेला, एवढाच अर्थ आपण घेतो. पण मंडळी, भौतिकशास्त्रात हा शब्द आणला तो एका फौजी माणसाने. एतिएन-लुई मालुस हा नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतला इंजिनिअर अधिकारी. 1808 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारा मावळतीचा प्रकाश त्याने एका स्फटिकातून पाहिला. स्फटिक फिरवला तसा प्रकाश कमीजास्त झाला. चुंबकासारखे प्रकाशकणांनाही ध्रुव असावेत, असं त्याला वाटलं. पुढे फ्रेनेलने प्रकाश ही आडवी लहर असल्याचं दाखवलं. ध्रुव गेले, नाव राहिलं.

म्हणजे इथे दोन टोकं नाहीतच, आहे ती गाळणी. साध्या प्रकाशाची कंपनं सगळ्या दिशांनी होतात. पोलरॉइड काच त्यातली एकच दिशा पुढे सोडते. दुसरी काच तिच्याशी काटकोनात धरली की अंधार. आता या दोघींच्या मध्ये तिसरी काच 45 अंशांत तिरकी धरा. अडथळा वाढला, तरी उजेड येतो! पहिल्या काचेतून निघालेल्या प्रकाशाचा फार तर चौथा हिस्सा, पण येतो.

हिसारच्या पोस्टिंगमध्ये आमचे जाट जवान सर छोटूराम यांचं नाव घरच्या वडीलधाऱ्यासारखं घ्यायचे. म्हणून फाळणीपूर्व पंजाबचा इतिहास वाचायला घेतला आणि तिथे मला ही तिरकी काच दिसली. 1919 च्या कायद्यानंतर पंजाबात मुसलमान आणि शीख यांचे मतदारसंघ वेगळे झाले होते. प्रत्येकाचं मत आपापल्या धर्माच्या गाळणीतून. तरीही फझल-इ-हुसेन आणि छोटूराम यांच्या युनियनिस्ट पक्षाने शेतकरी या नात्याने मुसलमान, हिंदू, शीख एकत्र आणले. 1937 च्या निवडणुकीत या पक्षाला बहुमत मिळालं, मुस्लिम लीगला अवघ्या 2 जागा. दुसऱ्याच वर्षी गहाण जमिनी शेतकऱ्यांना परत मिळवून देणारा कायदा झाला. पक्ष जमीनदारांचा होता, इंग्रजधार्जिणाही होता. ते झाकायचं कारण नाही. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात मात्र मी त्याचं नावही वाचल्याचं आठवत नाही.

जानेवारी 1945 मध्ये छोटूराम गेले. 1946 मध्ये त्याच पंजाबात लीग सर्वात मोठा पक्ष झाली. खिजर हयात टिवाणा यांनी काँग्रेस आणि अकालींना घेऊन सरकार कसंबसं चालवलं. 2 मार्च 1947 ला त्यांनी राजीनामा दिला आणि आठवड्याच्या आत लाहोर, अमृतसर, रावळपिंडी पेटली.