टॅटिंगचे कडे आणि दक्षिणेतील लेस

आमच्या घरी एका जुन्या पत्र्याच्या डब्यात एक पांढरा हातरुमाल आहे. त्याच्या चारही काठांना दोऱ्याच्या बारीक कड्यांची झालर आहे. हिशेबखात्यात आयुष्य गेल्यामुळे आम्ही ती एकदा मोजून पाहिली. इंचाला तीन याप्रमाणे चाळीस इंचांत १२० कडी. एका कड्यात वीस पूर्ण गाठी आणि पूर्ण गाठ म्हणजे दोन अर्ध्या. एकूण ४,८०० वेळा हात फिरलेला. हा रुमाल आमच्या मातोश्रींनी १९७४ साली मद्रासच्या सरकारी वसाहतीत केला. महोत्सवाच्या निमित्ताने आपल्या मंडळींच्या कर्तृत्वाचा आढावा घेतला जात असताना या कामाचाही इतिहास कोणीतरी लिहावा, एवढ्याच हेतूने आम्ही लेखणी उचलली आहे.

या कामाला टॅटिंग म्हणतात. फ्रेंच लोक त्यास ‘फ्रिव्होलिते’, म्हणजे थिल्लरपणा, म्हणतात. नाव ठेवणारा बहुधा पुरुष असावा! धोट्याने दोऱ्यावर नुसत्या गाठी मारीत जाण्याचा छंद युरोपातील उमराव स्त्रियांत सतराव्या-अठराव्या शतकांत होता. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॅटिंग उदयास आले. प्रथम केवळ सुटी कडी करीत आणि ती मागाहून सुईदोऱ्याने एकमेकांस बांधीत. लंडनच्या एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८५० साली या विषयावर पुस्तक काढले. त्याच सुमारास काम चालू असतानाच एक कडे शेजारच्या कड्याला जोडण्याची रीत रुळली. ही जोड ज्या इवल्याशा फासातून होते, त्याचे नाव ‘पिको’. साडीला ‘पिको-फॉल’ करून आणताना आपल्या भगिनी जो शब्द उच्चारतात, तो हाच.

आता कड्याविषयी. टॅटिंगचे सारे मर्म त्यातच आहे. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा वेढा घ्यावयाचा आणि उजव्या हातातील लहानशा धोट्याने त्यावर गाठ मारावयाची. परंतु गाठ जर धोट्याच्या दोऱ्याची पडली, तर ती तेथेच आवळते आणि कडे कधीही मिटत नाही. म्हणून नेमक्या क्षणी डावा हात सैल सोडून धोट्याचा दोरा ताठ करावा लागतो. तसे केले की गाठ एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उडी घेते. मग सगळ्या गाठी सरकत्या राहतात आणि शेवटी दोरा ओढताच कडे गोल मिटते. ही उडी पुस्तकातील चित्र पाहून साधणे कठीण. शेजारी बसून कोणीतरी दाखवावी लागते.

आमच्या मातोश्रींना ती दाखविली नागरकोइलकडच्या एका शेजारणीने. एकीस मराठीवाचून दुसरी भाषा येत नव्हती आणि दुसरीस तमिळवाचून. दुपारची कामे आटोपली की दोघी जिन्याच्या पायरीवर बसत. ‘ओण्णु, रेंडु, मूणु’ असे शेजारीणबाईंनी मोजावे, विसावे आले की दोरा ओढावा, आणि कडे मिटले नाही तर हसून उसवावे, हाच त्यांचा संवाद होता.

शेजारीण नागरकोइलची होती, हा निव्वळ योगायोग नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मद्रास राज्यात आलेले हे गाव पूर्वी त्रावणकोर संस्थानात होते. लंडन मिशनरी सोसायटीचे चार्ल्स मॉल्ट व त्यांच्या पत्नी मार्था १८१९ साली तेथे आले आणि पुढे थोड्याच काळात मार्थाबाईंनी मुलींच्या शाळेत उशीवर विणावयाची लेस शिकविण्यास आरंभ केला. ही रीत टॅटिंगहून अगदी निराळी. उशीवर टाचण्या टोचून अनेक लहान लाकडी रिळांचे दोरे एकमेकांत गुंफावयाचे असतात. शिकणाऱ्यांत दास्यात असलेल्या मुलीही होत्या. लेसच्या कमाईतून काहींनी आपली मुक्तता विकत घेतल्याचे मिशनच्या वृत्तांतांवरून कळते. त्रावणकोरात गुलामगिरी पूर्णतः बंद झाली ती १८५५ साली. या मुलींनी सरकारी फर्मानाची वाट पाहिली नाही. मार्था मॉल्ट यांचे नाव इतिहासात राहिले, त्या मुलींची नावे शोधू जाता हाती फारसे काही लागत नाही.

तथापि लेस म्हणजे सर्वत्र मुक्तीच, असे मानून चालणार नाही. पूर्वी मद्रास इलाख्यात असलेल्या नरसापूर भागात क्रोशाच्या लेसचा धंदा वाढला. तेथील स्त्रियांवरील मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष कटू आहे. परदेशी जाणारा माल या बाया दिवसाचे कित्येक तास राबून तयार करीत; परंतु त्या ‘गृहिणी’, आणि हे काम ‘फावल्या वेळचे’, असे ठरल्यामुळे मजुरी नाममात्र मिळे आणि नफा व्यापाऱ्याच्या पदरी पडे. ‘फावला वेळ’ हा शब्द वाचून आम्ही थबकलो. आमच्याही घरात तो सर्रास वापरला जात असे. वडिलांच्या बदल्यांमुळे दर तीन-चार वर्षांनी नवे गाव, नवी भाषा. त्या परकेपणात मातोश्रींनी गाठीगाठीने जे जोडले, त्याची नोंद आम्ही ‘हौस’ या एका शब्दात केली. एका प्रदर्शनात त्यांचा रुमाल मांडला गेला तेव्हा चिठ्ठीवर नाव वडिलांचे होते. ती चिठ्ठी आमच्याच हस्ताक्षरात होती.

अलीकडे आमच्या सौभाग्यवतींनी हेच काम सुईने शिकावयास घेतले आहे. सुईच्या टॅटिंगविषयीचा आरंभीचा लेख ‘द मॉडर्न प्रिसिला’ या अमेरिकन नियतकालिकात एप्रिल १९१७ मध्ये आला होता. ही सुई लांब असून तिचे नेढे अंगापेक्षा जाड नसते. सगळ्या गाठी तिच्यावरच चढवावयाच्या, मग सुई त्यांतून ओढून घ्यावयाची, पहिल्या गाठीपाशी उरलेल्या फासातून ती बाहेर काढावयाची आणि दोरा खेचावयाचा, कडे मिटते. उडीचा प्रश्नच नाही. हाताचे सांधे धरलेल्या वयात ही सोय मोठीच. मात्र गाठी सुईच्या जाडीवर बेतल्या जात असल्याने वीण किंचित सैल पडते. मातोश्रींना ती दाखविली असती तर त्यांनी बोटाने दाबून पाहून नाक मुरडले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

त्या शेवटची काही वर्षे साताऱ्यास होत्या. मद्रास सुटून बराच काळ लोटला होता, तमिळ बोलण्याचा प्रसंग उरला नव्हता. तरीही धोटा हातात घेतला की त्या ‘ओण्णु, रेंडु, मूणु’ असेच मोजीत, आणि विसापाशी पोहोचेपर्यंत कोणी हाक मारलेली त्यांना चालत नसे.