डोपामिन संवेदक, प्रकाशीय

जिवंत प्राण्याच्या मेंदूत डोपामिन केव्हा आणि कोठे स्रवते, हे उजेडातील चढउतारावरून दाखवणारे, जनुकीय अभियांत्रिकीने घडवलेले प्रथिन. डीलाइट (लिन त्येन यांची प्रयोगशाळा, कॅलिफोर्निया विद्यापीठ, डेव्हिस) आणि ग्रॅब-डीए (युलोंग ली यांची प्रयोगशाळा, पेकिंग विद्यापीठ) ही यांतील दोन प्रमुख कुळे २०१८ साली प्रसिद्ध झाली. ग्लुटामेटसाठीचा आयग्लुस्निफर त्यांच्या आधीचा, २०१३ चा. मात्र तो जीवाणूच्या प्रथिनापासून बनवलेला आहे.

डोपामिन संवेदकाचा सांगाडा म्हणजे मेंदूतला डोपामिनचा स्वाभाविक ग्राहीच : डीलाइटमध्ये डी-१, ग्रॅब-डीएच्या पहिल्या आवृत्त्यांत डी-२. त्याच्या पेशीच्या आत येणाऱ्या तिसऱ्या वळशात हिरव्या अनुस्फुरक प्रथिनाचे फेररचना केलेले रूप बसवतात. या रूपात प्रथिनाची मूळ टोके एकमेकांना जोडून रंगकेंद्राजवळ नवी टोके काढलेली असतात. डोपामिन चिकटताच ग्राही वाकतो, रंगकेंद्राभोवतीची मांडणी बदलते आणि उजेड वाढतो. मूळ हिरवे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशपासून वेगळे केले होते.

प्रयोगात संवेदकाचे जनुक निरुपद्रवी विषाणूत भरून उंदराच्या मेंदूत, बहुधा स्ट्रायटममध्ये, टोचतात. केसाएवढा बारीक प्रकाशतंतू तेथवर उतरवून कवटीवर दंतवैद्यकातल्या सिमेंटने पक्का करतात. काही आठवड्यांत पेशी संवेदक बनवू लागतात. मग त्याच तंतूतून निळा प्रकाश आत जातो, हिरवा बाहेर येतो. उंदीर पिंजऱ्यात मोकळा फिरत असतो. गोड पाण्याचा थेंब चाटताच आलेख उसळतो. थेंबाची सूचना देणारा आवाज ओळखीचा झाला, की उसळी आवाजालाच येऊ लागते. पूर्वीच्या मायक्रोडायलिसिसमध्ये नमुना गोळा व्हायलाच मिनिटे लागत, त्यात असा क्षण निसटून जाई. कार्बन तंतूच्या इलेक्ट्रोडला वेग होता, पण डोपामिन व नॉरएड्रेनालिन वेगळे ओळखणे त्याला अवघड जाई.

निवड करताना तडजोड अटळ असते. ग्रॅब-डीएची अतिसंवेदनशील आवृत्ती सुमारे १० नॅनोमोलरला प्रतिसाद देते, पण डोपामिन सोडायला वेळ लावते, डीलाइट १.२ ला सुमारे ७७० नॅनोमोलर लागतात, पण तो चपळ आहे. शिवाय हाती येतो तो मूळ पातळीच्या तुलनेतला बदल. उजेडाच्या टक्केवारीला डोपामिनचे प्रमाण समजून दोन उंदरांची तुलना करण्याचा मोह होतो. तो धोक्याचा आहे, कारण संवेदक किती तयार झाला आणि तंतू नेमका कोठे बसला, यावरही उजेड ठरतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्रकाश शोषते आणि हालचालीनेही आलेख हलतो. त्यासाठी ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश संदर्भ म्हणून वापरण्याची रूढी पडली आहे. मात्र ही तरंगलांबी प्रत्येक संवेदकाच्या बाबतीत डोपामिनला उदासीन नसते. अधिक विश्वासार्ह नियंत्रण म्हणजे डोपामिन न धरणारा, एरवी तसाच उत्परिवर्तित संवेदक दुसऱ्या उंदरांत घालून तोच प्रयोग करणे.