मुरघासातील पूरक द्रव्ये

हिरवी वैरण मुरवताना आंबवण नीट व्हावे, नासाडी टळावी किंवा पोषणमूल्य वाढावे म्हणून कुट्टीत मिसळण्याचे पदार्थ. हवाबंद दाबलेल्या कुट्टीतील साखरेपासून जीवाणू लॅक्टिक अम्ल तयार करतात. सामू 4 च्या आसपास उतरला की नासवणाऱ्या जीवाणूंची वाढ थांबते. साखर कमी वा ओलावा फार असल्यास क्लॉस्ट्रिडियम जीवाणू माजतात, ब्युटिरिक अम्ल तयार होते, मुरघासाला दुर्गंधी येते आणि जनावरे तो कमी खातात. वैरणीत काय उणे आहे, त्यावरून पूरक द्रव्य ठरते.

साखरयुक्त पदार्थ : लसूणघासात साखर थोडी असते; प्रथिने व खनिजांमुळे त्याचा सामूही सहज उतरत नाही. अशा वैरणीत किंवा संकरित नेपिअरमध्ये गूळ अथवा साखर कारखान्यातील मळी पाण्यात पातळ करून शिंपडतात.

जीवाणू संवर्धके : लॅक्टोबॅसिलस प्लँटारम झपाट्याने लॅक्टिक अम्ल तयार करतो. नेहमीची मात्रा दर ग्रॅम ताज्या कुट्टीस 1 लाख जिवंत जीवाणू. लॅक्टोबॅसिलस बुकनेरी लॅक्टिक अम्लाच्या काही भागाचे ॲसिटिक अम्ल करतो. त्यामुळे उघडलेला मुरघास लवकर तापत नाही. क्लोरीनयुक्त पाण्यात ही संवर्धके मरतात.

अम्ले : फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी इल्मारी विर्तानेन यांनी हायड्रोक्लोरिक व सल्फ्यूरिक अम्ल मिसळून सामू 4 च्या खाली आणण्याची पद्धत शोधली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती ‘एआयव्ही पद्धत’ म्हणून ओळखली जाते. वैरण टिकवण्याच्या या पद्धतीचा विशेष उल्लेख करून त्यांना 1945 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पुढे फॉर्मिक अम्ल अधिक रूढ झाले. बुरशी रोखण्यासाठी प्रोपिऑनिक अम्ल वापरतात.

युरिया : मका व ज्वारीच्या मुरघासात प्रथिने कमी असतात. त्यात सुमारे 0.5%, म्हणजे 1 टन हिरव्या कुट्टीस 5 किलो युरिया मिसळतात. त्यातील नत्रापासून रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव प्रथिने तयार करतात. युरिया एका जागी साचल्यास विषबाधेचा धोका असतो. लहान वासरांना असा मुरघास देऊ नये. युरियामुळे सामू वाढतो, म्हणून द्विदल वैरणीत तो टाळतात.

मर्यादा : मका चिकात असताना, 30 ते 35% शुष्क पदार्थ असताना कापणे, कुट्टी बारीक करणे, थराथराने दाबून हवा काढणे आणि तोंड घट्ट झाकणे हाच चांगल्या मुरघासाचा पाया. यात कसूर झाली, तर कोणतेही पूरक द्रव्य ती भरून काढू शकत नाही.