सुश्रुतसंहितेतील पृष्ठवंश आणि काशीची शल्यपरंपरा

आयुर्वेदाच्या परंपरेप्रमाणे काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुत व त्यांच्या सहाध्यायांना शल्यतंत्र शिकवले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाठीच्या कण्याला ‘पृष्ठवंश’ म्हटले आहे. वंश म्हणजे बांबू; पेरापेरांनी बनलेल्या कण्याला हा शब्द शोभतो.

शरीर पाहण्याची रीतही तेथे दिली आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचा देह गवत, साल यांत गुंडाळून, पिंजऱ्यात घालून नदीच्या वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावा. मग वाळ्याच्या कुंचीने हळूहळू घासत त्वचेपासून आतला प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहावा.

या रीतीने हाडे चांगली दिसतात. संहितेत एकूण ३०० हाडे मोजली आहेत; त्यांपैकी मानेत ९ व पाठीत ३०. आजच्या गणनेत मानेचे ७, छातीमागचे १२ व कमरेचे ५ मणके येतात. त्यांखालचे ५ जुळून त्रिकास्थी आणि साधारण ४ जुळून माकडहाड बनते. हा फरक केवळ चूक समजू नये. संहितेत दात व कूर्चाही हाडांत धरल्या आहेत. वेदवादी ३६० हाडे मानतात, शल्यतंत्रात मात्र ३००, असेही तीच सांगते. काय मोजायचे, यावर आकडा ठरतो. वाराणसीच्या जयनारायण कॉलेजात पूर्वी शिकवलेले रुडॉल्फ हर्नले यांनी १९०७ च्या ग्रंथात या प्राचीन याद्या आधुनिक अस्थिशास्त्राशी ताडून पाहिल्या.

कुजवण्याच्या रीतीत मऊ भाग मात्र आधी नासतात. कण्याच्या पोकळीतील मज्जारज्जू व त्यातून निघणाऱ्या चेता अशा पद्धतीने नीट दिसणे कठीण. तरीही पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंना, कमरेखाली असलेल्या ‘कुकुंदर’ मर्मांना इजा झाल्यास शरीराच्या खालच्या भागाची संवेदना व हालचाल जाते, असे संहिता नोंदवते. कारण दिसले नसले तरी परिणाम टिपला गेला होता.

कारण आज ठाऊक आहे. प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो; खाली चेतामुळांचा झुबका असतो. म्हणून पाठीतून पाणी काढण्याची सुई सहसा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून घालतात. कण्याला मार लागलेल्या रुग्णाच्या पायांतील संवेदना आणि हालचाल डॉक्टर आजही तपासतात. अशा जखमीला वाकवून किंवा बसवून उचलू नये. मोडलेला मणका सरकल्यास शाबूत मज्जारज्जूही दुखावू शकतो.