शाळेच्या मळ्याची पाळी

आमच्या माणदेशात मळा म्हणजे श्रीमंती. ज्याच्या विहिरीला पाणी त्याचा मळा, बाकीच्यांची नुसती रानं. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर कुसळं. अशा मुलखात शाळेच्या मालकीचा मळा होता असं सांगितलं, तर आजची पोरं हसतात. पण होता. शाळेच्या पाठीमागं ओढ्याच्या कडेला तीस गुंठे रान आणि त्यात एक विहीर. गावात त्याला सगळे ‘शाळेचा मळा’च म्हणायचे.

हा मळा कुठनं आला, ते थोडं मागं जाऊन सांगावं लागेल. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षणाची परिषद भरली आणि गांधीजींनी तिथं नई तालीमचा विचार मांडला. मुलानं हातानं काम करावं आणि त्या कामातनंच शिकावं, असा तो विचार. आमच्या सातारा जिल्ह्याला ही गोष्ट नवी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. पुढं धनिणीच्या बागेत सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, श्रम करून शिकायची. तिथं घडलेली माणसं मास्तर होऊन खेडोपाडी गेली. त्यातलेच एक आमच्या गावाला मिळाले. स्वातंत्र्यानंतर कितीतरी शाळांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशी पाटी लागली, तशी आमच्याही लागली. बाकी ठिकाणी पाटीच राहिली असेल, पण आमच्या मास्तरांनी पाटीवरचं खरं करून दाखवलं.

गायरानाच्या कडेचा हा तुकडा त्यांनी पंचांकडून मागून घेतला. विहीर गावानं श्रमदानानं पाडली. खाली मांजऱ्या खडक लागला, तर पहार आणि सुरुंगानं फोडला. कप्पी बसवली, दगडी थारोळं बांधलं आणि त्यातनं पाट काढला. प्रत्येक इयत्तेला वाफे वाटून दिलेले. मेथी, मुळा, वांगी, घेवडा, बांधाला शेवगा आणि कुपाटीवर दोडक्याचे वेल. बाजाराच्या दिवशी पोरं भाजी विकायची आणि त्या पैशांत गरिबाघरच्या पोरांना पाटी-पेन्सिल यायची. गुणाकार-भागाकार पोरं बाजारातच शिकली.

पण या मळ्यातली खरी गोष्ट भाजीची नव्हती, विहिरीची होती.

त्या काळी गावात पाण्याचे पाणवठे वेगळे. खालच्या आळीच्या बायांनी विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणी तरी वरनं ओतायचं, त्यांनी खाली घागर धरायची. वरच्या माणसाला सवड नसली तर उन्हात ताटकळायचं. १९५० साली राज्यघटनेनं अस्पृश्यता बंद केली, १९५५ साली कायदाही झाला. कायदा मुंबई-दिल्लीत झाला, पण गावच्या विहिरीपर्यंत यायला त्याला फार वेळ लागला. मास्तरांनी भाषण केलं नाही. हजेरीवहीतल्या नंबरानं त्यांनी पाणी ओढायची पाळी लावली. ज्याचा नंबर त्यानं पोहरा धरायचा, मग तो कुठल्या का आळीचा असेना. त्याच पोहऱ्यातलं पाणी मास्तर स्वतः ओंजळीनं प्यायचे. जुनी माणसं सांगत, की काही घरांनी आठ-पंधरा दिवस पोरं शाळेत धाडली नाहीत. मास्तरांनी भांडण केलं नाही, आणि पाळीही बदलली नाही. शेवटी पोरं आली. डॉ. बाबा आढावांची ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ १९७२ सालची. आमच्या शाळेच्या विहिरीवर त्याच्या कितीतरी आधी तो पाणवठा एक झाला होता. गावची विहीर मात्र तशीच होती.

मी १९६७ साली पहिलीत गेलो. मळ्याची शेवटची चार-पाच वर्षं मला बघायला मिळाली. १९७२चा दुष्काळ पडला आणि विहिरीचा तळ उघडा पडला. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, घरात अमेरिकेची लाल मिलो आली, पोरांच्या हातात सुकडी आली. मळ्यात ढेकळं उरली. दुष्काळ सरला तरी मळा उठला नाही. मास्तर निवृत्त होऊन गेले होते. बागकामाच्या तासाचं ‘कार्यानुभव’ झालं, आणि कार्यानुभवात कागदाची फुलं करून मार्क मिळायला लागले. पुढं नळ आला, मग विहिरीकडं कोण बघतंय? वेडी बाभूळ माजली, गाजर गवत शिरलं. आमच्याकडं त्याला काँग्रेस म्हणतात. विहिरीत गावानं काचा, चिंध्या, मेलेली कुत्री टाकली. जवळपास पन्नास वर्षं असंच चाललं.

मग २०२०चा मार्च आला. लॉकडाऊन लागला आणि मुंबईची पोरं मिळेल त्या वाटेनं गावाकडं निघाली. आमच्या भागातली निम्मी तरणी माणसं माथाडी नाही तर टेम्पो-टॅक्सीवर. गावाच्या शिवंवर काटे टाकलेले. आलेल्यांना आधी शाळेत ठेवायचं, चौदा दिवस. आपल्याच गावात परक्यासारखं. आई लांबनं डबा ठेवून जायची, पोरगं ती गेल्यावर उचलायचं. एकजण मला फाटकापलीकडनं म्हणाला, “नाना, गावानं आमाला वाळीत टाकल्यागत केलंय बघा.”

त्या पोरांना चौदा दिवस शाळेच्या खिडकीतनं एकच गोष्ट दिसत होती, बाभळीनं भरलेला मळा. आठवडी बाजार बंद होते. खेडं असून घरात भाजी नव्हती, डाळ आणि मिरचीवर दिवस निघत होते. कोंडवाड्यातनं सुटल्यावर त्यातल्याच सात-आठ जणांनी कोयते-कुदळी घेतल्या. हळूहळू गावातलीही पोरं मिळाली. तोंडाला रुमाल बांधून पहाटे कामाला लागायची, ऊन तापायच्या आत घरी. बाभळीचे काटे चपलेतनं आरपार जायचे. जेसीबी लावून खोडं उपटली तेव्हा कुठं रान दिसलं.

विहिरीपाशी आल्यावर मात्र दोन तट पडले. पोरांचं म्हणणं, ही घाण उपसत कोण बसणार, बुजवून टाकू आणि बोअर पाडू. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण आमच्याकडं पाचशे फुटावर जाऊन नुसती धूळ काढणाऱ्या बोअर मी पाहिल्यात. तरी जेसीबीवाला सांगून ठेवला होता.

हे खालच्या आळीत कळलं आणि एक आक्का काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या घरात. पोरांपासून लांब, विहिरीच्या थारोळ्यावर जाऊन बसल्या.

“बाळांनो, बुजवा. तुमचं रान हाय. पर एक ऐका. मी चौथीच शिकले. समद्या गावात म्या माज्या हातानं पानी वढलं ते ह्याच हिरीचं. बाकी जल्मभर वरनं वतलेलं धरलं. तुमाला वाळीत टाकलं म्हणताय, चौदाच दिस टाकलं न्हवं?”

कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला नाही, दोर आणि पाट्या आल्या.

गाळ उपसायला पुरता मे महिना गेला. ट्रॉल्या भरभरून घाण निघाली. तळाशी मांजऱ्या लागला आणि एका कोपऱ्यातनं झरा मोकळा झाला. २०१७ साली माण तालुका वॉटर कप स्पर्धेत उतरला होता, तेव्हा आमच्याही माळावर सलग समतल चर खोदले होते. त्या चरांत जिरलेलं पाणी विहिरीला लागलं असावं, असं म्हातारी माणसं म्हणत होती. जूनच्या पहिल्या पावसावर मेथी आणि कोथिंबीर टाकली. महिन्याभरात मेथीच्या पेंढ्या निघाल्या. पहिल्या पेंढ्या शाळेत नव्यानं येऊन राहिलेल्या लोकांच्या डब्यात गेल्या. पाठोपाठ गवार, भेंडी, चुका, दोडका.

खरी कसोटी पुढंच होती. मुंबई उघडली आणि पोरं एकेक करून कामावर गेली. श्रमदानाचे फोटो काढून झाले, आता मळा पुन्हा बाभळीत जाणार, असं पैजेनं बोलणारे गावात होते. मळा एकदा कसा मेला, हे जुन्यांना ठाऊक होतं. दुष्काळानं पाणी नेलं, पण पाणी परत आल्यावर ते ओढायची पाळी कुणाचीच नव्हती. एका मास्तरावर उभी असलेली गोष्ट मास्तरांबरोबर गेली.

म्हणून जाणाऱ्या पोरांनी एक काम नीट केलं. शंभर पानी वही घेतली आणि मास्तरांची जुनी रीत तीत उतरवली. बचत गटाच्या बाया, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोघी, मोठ्या वर्गातली पोरं आणि सुट्टीला येणारे मुंबईकर, सगळ्यांची नावं बाराखडीच्या क्रमानं. आळी नाही, आडनाव नाही. ज्याचं नाव पुढं, त्याची पाळी. चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट.

शाळा पुन्हा भरायला लागल्यावर मळ्यातली भाजी खिचडीत पडायला लागली. एखादा हंगाम वाया जातो, वानरं येतात, मोटर जळते, मग पुन्हा दोर-पोहरा काढावा लागतो. भांडणंही होतात, ती बहुतेक वेळा पाळी चुकवण्यावरनं. पाणी कुणी ओढायचं नाही, यावरनं आता भांडण होत नाही. ती वही शाळेच्या कपाटात हजेरीवहीशेजारीच असते, आणि पहिली भरून आता दुसरी चालू आहे.