कपाळावरचा डाग आणि देवाचे प्रतिरूप

रोमन साम्राज्यात पळालेला गुलाम हाती लागला, किंवा एखाद्या अपराध्यास खाणीची सजा झाली, म्हणजे त्याच्या कपाळावर अक्षरे गोंदण्याची वा डागण्याची वहिवाट होती. पुढे मुक्तता लाभली तरी ती अक्षरे मिटत नसत, आणि त्या माणसाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा चेहरा त्याची हकीकत चारचौघांत सांगून मोकळा होई. इ. स. 315-16 च्या सुमारास कॉन्स्टंटाइन बादशहाने या वहिवाटीस आळा घातला. खाणीत अथवा तलवारबाजांच्या आखाड्यात धाडलेल्या कैद्याच्या तोंडावर डाग देऊ नये, द्यावयाचाच तर हातावर किंवा पोटरीवर द्यावा, असे त्याने फर्माविले. आणि कारण असे दिले की, स्वर्गीय सौंदर्याच्या सादृश्याने घडलेला चेहरा विद्रूप होता कामा नये. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, या बायबलातील ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायातील सिद्धांताचा प्रतिध्वनी या शब्दांत अनेक अभ्यासकांना ऐकू आला आहे, आणि मलाही तो खरा वाटतो.

परंतु चेहरा सुटला तरी माणूस सुटला नाही. गुलामांच्या गळ्यात अडकविलेली धातूची कडी आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी सार्डिनिया बेटात सापडलेल्या एका कड्यावर, हा फेलिक्स नामक आर्चडीकनचा गुलाम आहे, तो पळू नये म्हणून त्यास धरून ठेवावे, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. प्रतिरूपाची शिकवण देणाऱ्या चर्चच्या एका अधिकाऱ्यानेच ते कडे घडवून घ्यावे, ही गोष्ट मनाला फार लागते.

प्रतिरूप नेमके कशात, बुद्धीत, संकल्पशक्तीत की अधिकारात, हा वाद धर्मपंडितांत शतकानुशतके चालला. त्या वादातून बाजारापर्यंत जो जाऊन पोहोचला तो कप्पदुकियातील निस्सा गावचा बिशप ग्रेगरी. बायबलातील ‘उपदेशक’ या ग्रंथावर इ. स. 380 च्या सुमारास प्रवचने करीत असता, मी दासदासी विकत घेतल्या, या ग्रंथातील उद्गारापाशी तो थबकला आणि श्रोत्यांपैकी धनिकांना त्याने सरळ जाब विचारला: देवाने ज्याच्या हाती अवघ्या पृथ्वीचा कारभार सोपविला त्याचे मोल कोणत्या नाण्यांत मोजले, एवढ्याशा खरेदीखताने देवाच्या प्रतिरूपाची मालकी आपल्याकडे आली असे तुम्हांस वाटले तरी कसे, आणि पृथ्वीचा धनी विकावयाचा तर त्याच्याबरोबर पृथ्वीचीही किंमत नको का लावावयास? देवसुद्धा ज्याचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही त्याला दास करणारा देवाहून मोठा ठरतो, हा त्याचा युक्तिवाद. प्राचीन जगातून आपल्यापर्यंत आलेल्या लेखनात गुलामगिरीच्या मुळावरच एवढा थेट घाव घालणारे दुसरे प्रवचन मला ठाऊक नाही. ही दृष्टी त्याच्या घरातही होती; आई एमेलिया हिचे मन वळवून, कालच्या दासींबरोबर एकाच पंक्तीस, बहिणींसारखे राहण्याचा क्रम त्याची वडील बहीण माक्रीना हिने घालून दिला होता, हे त्यानेच तिच्या चरित्रात लिहून ठेवले आहे.

कायद्याच्या दप्तरात मात्र ग्रेगरीचा प्रश्न शिरला नाही. इ. स. 534 मध्ये जस्टिनियन बादशहाची सुधारलेली संहिता जारी झाली, तेव्हा चेहऱ्यावर डाग न देण्याचा कॉन्स्टंटाइनचा हुकूम तीत कायम ठेवण्यात आला, आणि गुलामांच्या खरेदी-विक्रीचे कायदेही त्याच संहितेत कायम राहिले.