कंपायलरचं बोट

शाळेत गणिताचं उत्तर नुसतं 'बारा' असं लिहिलं, की सर विचारायचे, "बारा काय? बारा आंबे, बारा तास की बारा मैल?" एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण जायचा आणि आपल्याला तो अन्याय वाटायचा. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बायटर' हे यान मंगळाजवळ पोहोचलं आणि कायमचं हरवलं. चौकशीत निघालं ते असं : जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमनं आकडे पौंड-सेकंदांत दिले होते आणि पुढच्या गणितात ते न्यूटन-सेकंद म्हणून वापरले गेले. 'बारा काय?' हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.

संगणकाच्या भाषांमध्ये हा प्रश्न विचारणारी जी व्यवस्था असते, तिला 'टाइप' म्हणतात. आपण 'प्रकार' म्हणू. ही संख्या, हा मजकूर, ही यादी, असे प्रकार. ज्यांना फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणतात, त्या भाषांत ही व्यवस्था फार कडक असू शकते. फंक्शन म्हणजे गणितातलं फलन. एक वस्तू आत घातली की ठरलेली दुसरी वस्तू बाहेर येते. अशी लहान लहान फलनं एकमेकांना जोडत अख्खा प्रोग्रॅम रचायचा. नळजोडणीसारखंच हे काम आहे. अर्ध्या इंचाच्या पाइपाला पाऊण इंचाचा जोड बसत नाही. बसत नाही, हे सांगायचं काम कंपायलरचं. म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचं.

नवशिका विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात या कंपायलरच्या तक्रारींपुढे हतबल होतो. 'हे आपल्या डोक्याबाहेरचं आहे' असं म्हणून कित्येक जण पुस्तक मिटतात. म्हणून आज या तक्रारींचा इतिहास सांगावासा वाटतो. तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात एका थोर माणसाच्या चुकीपासून होते.

१९०१ साली बर्ट्रांड रसेल यांना संचांच्या सिद्धान्तात एक विसंगती दिसली. ती समजावायला न्हाव्याची गोष्ट सांगतात. गावातले जे लोक स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत, त्या सर्वांची आणि फक्त त्यांचीच दाढी हा न्हावी करतो. मग त्याची स्वतःची दाढी कोण करतो? 'हो' म्हटलं तरी अडचण, 'नाही' म्हटलं तरी अडचण. १६ जून १९०२ रोजी रसेल यांनी जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेग यांना पत्र लिहून हा दोष कळवला. फ्रेग यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. त्यांनी दोष लपवला नाही. १९०३ साली निघालेल्या त्या खंडाला परिशिष्ट जोडून तो मान्य केला. रसेल यांनी पुढे १९०८ साली जो उपाय सविस्तर मांडला, तो म्हणजे प्रकारांचा सिद्धान्त. वस्तूंच्या पायऱ्या पाडायच्या आणि एका पायरीचा प्रश्न भलत्याच पायरीला विचारू द्यायचा नाही.

प्रिन्स्टनच्या अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात 'लॅम्डा कॅल्क्युलस' हे फलनांचं गणित रचलं आणि १९४० साली त्याला प्रकारांची जोड दिली. संगणकावर मात्र आधी आली ती १९५८ साली एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी सुरू केलेली 'लिस्प'. प्रोग्रॅम चालवण्याआधी सगळे प्रकार तपासायचे, अशी पद्धत तिच्यात नव्हती. जोड जुळत नसेल तर ते प्रोग्रॅम चालू झाल्यावरच कळायचं.

खरं वळण १९७० च्या दशकात एडिंबरा विद्यापीठात मिळालं. रॉबिन मिल्नर आणि त्यांचे सहकारी प्रमेयं सिद्ध करायला मदत करणारा प्रोग्रॅम बनवत होते. त्यांना भीती होती ती खोट्या प्रमेयाची. म्हणून 'प्रमेय' हा वेगळा प्रकारच त्यांनी केला. तर्काच्या नियमांतून गेल्याशिवाय त्या प्रकारची वस्तू तयारच होऊ शकत नाही, अशी सोय केली. यातूनच 'एमएल' ही भाषा निघाली. १९७८ साली मिल्नर यांनी दाखवून दिलं, की माणसानं प्रकार लिहिले नाहीत तरी कंपायलर ते स्वतः ताडू शकतो. रॉजर हिंडली यांनी १९६९ साली तर्कशास्त्रात हेच स्वतंत्रपणे मांडलं होतं. मिल्नर यांना १९९१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, त्यामागे हेही एक काम होतं.

सोय मोठी होती, पण तिची किंमत नवशिक्यानं मोजली. कंपायलर ताडतो कसा? समजा, खटल्यात दोन साक्षीदार आहेत. पहिल्याची जबानी झाली, सगळं ठीक. दुसरा उभा राहिला आणि त्याचं म्हणणं पहिल्याशी जुळेना. विसंगती उघड झाली ती दुसऱ्याच्या वेळी. खोटं मात्र पहिलाही बोललेला असू शकतो. कंपायलर बोट दाखवतो ते विसंगती ध्यानात आली त्या जागेकडे. चूक कधी दहा ओळी वरही असते.

'हॅस्केल' या भाषेतलं एक उदाहरण घेऊ. १९८७ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या एका परिषदेत या भाषेची कल्पना ठरली आणि १९९० साली तिचा पहिला मसुदा निघाला. विद्यार्थ्याला गुणांची सरासरी काढायची आहे. तो लिहितो, यादीची बेरीज भागिले यादीची लांबी. चौथीतल्या मुलालाही हे बरोबर वाटेल. पण लांबी हा पूर्णांक असतो आणि तिथलं भागाकाराचं चिन्ह अपूर्णांकांसाठी असतं. कंपायलर म्हणतो, पूर्णांक हा अपूर्णांकांच्या वर्गात बसत नाही, आणि बोट ठेवतो भागाकारावर. जुन्या आवृत्त्या तर वर सुचवायच्या, की तशी घोषणा जोडून पाहा. भाबडा विद्यार्थी तो सल्ला मानून भलत्याच वाटेला लागायचा. उपाय साधा होता. लांबी आधी योग्य प्रकारात बदलून घ्यायची. त्यासाठी 'फ्रॉमइंटिग्रल' नावाचं फलन तयारच आहे. आणि विद्यार्थ्यानं सुरुवातीलाच 'अपूर्णांकांची यादी घेईन, अपूर्णांक देईन' अशी एक ओळ लिहिली असती, तर बोट थेट लांबीवरच गेलं असतं.

हे दुखणं अभ्यासकांना ठाऊक नव्हतं असं नाही. प्रकाराच्या चुकीचं मूळ कसं शोधावं, यावर मिचेल वँड यांनी १९८६ सालीच निबंध लिहिला. २००३ साली नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या मंडळींनी 'हीलियम' हा खास विद्यार्थ्यांसाठीचा कंपायलर सादर केला. तक्रारी सोप्या व्हाव्यात म्हणून त्यांनी हॅस्केलमधला एक अवघड भाग चक्क बाजूला ठेवला. २०११ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 'रॅकेट' भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं. संदेशातले पारिभाषिक शब्दच मुलांना कळत नव्हते. शिवाय रंगवून दाखवलेली जागा म्हणजे 'इथंच दुरुस्ती करा' असा अर्थ ती घेत होती. बोट आणि चूक यांची गल्लत ती हीच. पुढे २०१५ मध्ये 'एल्म' भाषेनं माणसाशी बोलावं तसे संदेश द्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये हॅस्केलच्या मुख्य कंपायलरनंही प्रत्येक तक्रारीला क्रमांक दिला. प्रकार न जुळण्याचा क्रमांक ८३८६५. तो शोधला की उदाहरणासह खुलासा मिळतो.

कित्येकदा मात्र गाडी प्रकारांपर्यंत पोहोचतच नाही. कंपायलर बसवलेला असतो आणि संगणक म्हणतो, 'अशी आज्ञा सापडली नाही.' याचा अर्थ बहुधा एवढाच, की ज्या फोल्डरांत शोधायचं त्यांच्या यादीत तो फोल्डर नाही. किंवा एका लायब्ररीला तिसऱ्या कुठल्या लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी असते, दुसरीला नवी. हॅस्केलवाल्यांनी या त्रासाला नरकाचं नाव दिलं होतं. २०१५ साली 'स्टॅक' हे साधन आलं. एकमेकांशी जुळतात हे आधी तपासलेल्या आवृत्त्यांचा संच ते वापरतं. तेव्हापासून हा जाच पुष्कळ कमी झाला. नीट पाहिलं तर इथंही दोन साक्षीदारच आहेत, आणि नवशिक्यानं दोघांपैकी एकही उभा केलेला नाही.

म्हणून शिकणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. पहिल्यांदा पाहा, तक्रार साधनाची आहे की प्रकाराची. प्रकाराची असेल तर 'काय हवं होतं' आणि 'काय मिळालं' या दोन बाजू संदेशातून काढून कागदावर लिहा. आपली अपेक्षा प्रत्येक फलनाच्या डोक्यावर स्वतः लिहून ठेवा. प्रोग्रॅम दोन दोन ओळींनी वाढवा. म्हणजे साक्षीदार थोडे राहतील.

आणि तरीही संदेश कळला नाही, तर फ्रेग यांना आलेलं ते पत्र आठवा. त्यांच्या तोडीचे तर्कशास्त्रज्ञ तेव्हा थोडेच होते, आणि त्यांनाही चूक दुसऱ्यानं दाखवावी लागली. घरातली एखादी मुलगी रात्री उशिरापर्यंत लाल अक्षरांकडे बघत बसली असेल, तर तिला 'तुला जमत नाही' असं म्हणू नका. शेजारी बसून, शाळेतले सर विचारायचे तोच प्रश्न विचारा, "बारा काय?"